नाकतोड्याचे पंख

मित्रांनो, मी एक जुने विमान आहे; पण विमान म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे येते, ते मी नव्हे. शेकडो माणसांना पोटात घेऊन समुद्र ओलांडणारी ती थोरली मंडळी वेगळी. माझ्यात जेमतेम चार जण बसतात, तेही गुडघे जवळ घेऊन. माझ्या नाकावर एकच इंजिन आणि त्या इंजिनाला एकच पंखा. मला ढकलायला दोन माणसे पुरतात. सध्या माझा मुक्काम एका लहानशा विमानतळाच्या कुंपणापाशी गवतात आहे. चिमण्या येतात, माझ्या नाकाच्या फटीतून आत शिरतात आणि काड्या आणून टाकतात. मी त्यांना काही म्हणत नाही. कोणीतरी येते आहे, हेच पुष्कळ.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. माझे पंख एका बारीक अंगाच्या बाईंनी आणि त्यांच्या जोडीदाराने मिळून जोडले. बाई पंखाच्या पोकळीत खांद्यापर्यंत हात घालून आतून लोखंडी ठोकळा दाबून धरीत आणि जोडीदार बाहेरून खिळा ठोकी. मध्ये पत्रा, त्यामुळे दोघांना एकमेकांचे काम दिसत नसे. "बसला?" "बसला. पुढचा घे." दिवसभर एवढेच बोलणे. माझ्या कानांवर पडलेले पहिले शब्द हेच. एखादा खिळा वाकडा बसला तर बाई तो पुन्हा काढायला लावीत. जोडीदार कुरकुरला की म्हणत, "वर गेल्यावर कोण बघायला येणार आहे? आत्ताच बघ."

मग एके सकाळी मला पहिल्यांदा धावपट्टीवर नेले. चाकांखालची जमीन खडखडत होती, खडखडत होती आणि एकाएकी गप्प झाली. मित्रांनो, त्या क्षणाचे वर्णन मला आजही नीट जमत नाही. खालून कोणी धरलेले नाही आणि तरी आपण पडत नाही, हे कळण्याचा तो क्षण होता. तेव्हापासून मला जमिनीची ओढ कधी वाटलीच नाही. जमिनीवर मी पाहुण्यासारखाच राहिलो.

कारखान्यातून मी आलो तो उड्डाण शिकवणाऱ्या एका क्लबात. तिथली शिकाऊ मंडळी मला उतरवताना अशी आपटत, की मी टुणटुण उड्या मारतच थांबे. तिथे एक मिस्त्री होते. आयुष्यभर इंजिनांच्या शेजारी उभे राहिल्यामुळे ते साधे "चहा आण" हेही ओरडून सांगत. माझ्या उड्या पाहून ते एकदा ओरडले, "हे कसलं विमान? हा तर नाकतोडा!" झाले. कागदोपत्री माझे नाव अक्षरे आणि आकडे मिळून होते; पण त्या दिवसापासून सगळ्यांच्या तोंडी मी नाकतोडाच झालो.

तिथेच ताई शिकायला आली. ती शहरात बस चालवायची. चाळिशीकडे झुकलेली, आवाज खणखणीत, हात मात्र अतिशय हलके. इतर शिकाऊ मला वळवायचा दांडा असा आवळून धरीत, जणू मी पळून जाणार होतो. ताईने तो दोन बोटांत धरला. पहिल्यांदा एकटीने मला वर नेले तेव्हा धावपट्टीच्या टोकाला ती सवयीने म्हणाली, "चला, पुढे सरका, पुढे सरका!" मग स्वतःशीच खुदकन हसली, कारण मागच्या आसनांवर कोणीच नव्हते. त्या दिवशी मी एकही उडी न मारता उतरलो. मिस्त्रींनी माझ्या नाकावर थाप मारली आणि ओरडून सांगितले, "बघा, नाकतोड्यालासुद्धा माणूस ओळखता येतो!"

पुढे क्लबात नवी विमाने आली, चकचकीत रंगाची. मला विमाने ठेवायच्या हँगरच्या मागच्या भिंतीशी लावले. माझ्या पंखाखाली कोणी सायकली ठेवू लागले, कोणी ओले रेनकोट वाळत घालू लागले. ताईला ते बघवले नाही. तिने धाकट्या भावाला सोबत घेतले आणि दोघांनी मिळून मला विकत घेतले. हा धाकटा उंच, दाढीवाला, फोटो काढणारा. नदी दरवर्षी काठ कुठे खाते आणि कुठे सोडते, याची वरून छायाचित्रे काढून तो पाटबंधारे खात्याला देत असे. ताई मला चालवी, धाकटा खिडकी उघडून कॅमेरा बाहेर काढी. काम झकास होते. अडचण एकच, त्याला विमान लागत असे.

"ताई, जरा सरळ चालव ना."

"नदी वाकडी आहे, त्याला मी काय करू? पिशवी घे."

"पिशवी भरली."

"मग दुसरी घे. आणि माझ्या नाकतोड्यावर एक थेंब सांडलास तर पुसायला तुलाच लावीन."

असे आम्ही तिघे कितीतरी वर्षे नदीवरून फिरलो. सकाळी निघायचे, तेव्हा पाण्यावर धुके असे आणि त्यातून झाडांचे शेंडे तेवढे वर दिसत. ऊन वाढले की धुके विरघळे आणि खालची शेते, वाटा, पूल एकेक करून उघडत जात. धाकटा बोलायचा थांबे. ताईही गप्प होई. माझे इंजिन एका सुरात चाले. मित्रांनो, सुख कशाला म्हणतात असे कोणी मला विचारले, तर मी त्या सकाळींकडे बोट दाखवीन. दाखवायला मला बोट नाही, एवढेच.

मी बोलू शकत नाही. माझे जे काही सांगणे असते, ते समोरच्या पट्टीवरचे काटे सांगतात. बटाटे काढणीच्या दिवसांत, अशाच एका सकाळी, तेल दाखवणारा माझा काटा हलकेच खाली सरकला. इंजिनाला तेल नेणारी एक नळी आतून चिरली होती. बाहेरून ती धडधाकट दिसे, अजूनही माझी देखभाल करणाऱ्या मिस्त्रींनी तिला निघण्यापूर्वी हात लावूनही पाहिले होते. आता तिच्यातून माझे तेल बाहेर गळत होते आणि मला ओरडता येत नव्हते. मी काटा आणखी खाली केला.

ताईचे लक्ष गेले. तिने काचेवर बोटाने टिचकी मारली. काटा हलला नाही.

"आवर रे तुझं," ती म्हणाली. "परत जाऊया."

"अजून पुलाचे फोटो राहिलेत."

"खिडकी लाव म्हणते ना."

तिचा तो स्वर धाकट्याने पूर्वी ऐकला नसावा. त्याने मुकाट्याने कॅमेरा आत घेतला. ताईने मला वळवले, पण विमानतळ दूर होता. माझ्या आत लोखंडावर लोखंड घासू लागले. आधी खडखड झाली, मग एक मोठा हिसका बसला आणि नाकावरचा पंखा जागच्या जागी उभा राहिला. इतकी वर्षे जो दिसतच नव्हता, तो पंखा काचेसमोर आडवा, स्तब्ध दिसू लागला. त्यानंतर फक्त वाऱ्याचा आवाज उरला.

तुम्हाला वाटेल, इंजिन बंद पडले की विमान दगडासारखे कोसळते. तसे नसते. वेग आहे तोवर पंख हवेला धरून असतात, आणि वेग हवा तर नाक खाली करावे लागते. जमीन समोर दिसत असताना नाक आणखी जमिनीकडेच वळवायचे, याला काळीज लागते. ताईने नाक खाली केले. रेडिओवर आपण कुठे आहोत ते सांगितले. मग ती भावाला म्हणाली, "पट्टा घट्ट कर. दार थोडं उघडून ठेव, खाली टेकल्यावर अडकायला नको. कॅमेरा मागे टाक."

"ताई, आपण..."

"उतरतोय आपण. रोज उतरतो तसंच. फक्त थांबा वेगळा आहे."

तिने एक लांब, सपाट शेत निवडले होते. कापणी झालेले, नुसती धसकटे उरलेली. वारा समोरून मिळावा म्हणून तिने मला अर्धे वळण दिले आणि आम्ही खाली येऊ लागलो. सगळे ठीक चालले होते. इतक्यात धाकटा ओरडला, "माणसं आहेत!"

शेताच्या पलीकडच्या भागात बटाटे वेचणाऱ्या बायकामाणसांची एक ओळ होती. सगळ्यांची पाठ आमच्याकडे, सगळे वाकलेले. इंजिनाचा आवाज असता तर त्यांनी मान वर केली असती. आम्ही मात्र घारीसारखे मुकाट येत होतो. थांबायला लागणारी जागा त्यांच्यापर्यंत पोचत होती. धाकट्याने खिडकीतून हाका मारल्या, पण वाऱ्याने त्या मागच्या मागे नेल्या.

ताईने मला शेवटच्या घडीला उजवीकडे घेतले. तिकडे माणसे नव्हती, पण सपाट जागाही नव्हती. बटाट्याच्या सऱ्या आमच्या वाटेत आडव्या पडल्या होत्या, उंच आणि मऊ. तिने मला होईल तितके हळू केले. माझ्या मागच्या चाकांनी पहिली सरी हलकेच ओलांडली, दुसरी ओलांडली. मग पुढचे चाक मातीत रुतले, त्याचा पाय काडकन मोडला, आणि मी नाकावर आपटलो. पंखा वाकला. माती काचेवर उडाली. आम्ही थांबलो.

पहिल्यांदा धाकटा बोलला. "ताई?"

"आहे मी. तू?"

"नाकातून रक्त येतंय." तो थांबला आणि त्याला रडता रडता हसू फुटले. "नाकतोड्यानं नाव खरं केलं गं. स्वतःचंही तोडलं आणि माझंही."

ताई हसली नाही. तिला उठता येत नव्हते. माझे नाक आपटले, तेव्हा त्या धक्क्याने तिच्या पाठीचा एक मणका दबला होता.

वेचणारी माणसे धावत आली. पुढे एक म्हातारी होती, मातीने माखलेले हात, डोक्याला फडके. शेत तिचेच.

"अगं बाई, कुठून आलात तुम्ही? ना आवाज, ना काही! मला वाटलं, ढगाची सावली पडली."

"आजी, तुमच्या सऱ्या मोडल्या," ताई म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सऱ्यांचं काय घेऊन बसलीस? पलीकडे माझ्या दोन सुना वाकल्या होत्या." म्हातारीने मागे वळून माझ्या चाकांच्या खुणा पाहिल्या. त्या कुठून वळल्या, हे मातीत स्पष्ट उमटले होते. ती आत वाकली. मग ताईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "हलू नकोस, पोरी. मुळीच हलू नकोस."

बटाटे निवडायची लांब फळी आणून त्यांनी ताईला तिच्यावर अलगद घेतले. दवाखान्याची गाडी येईपर्यंत म्हातारी तिच्या तोंडावर सावली धरून उभी होती. गाडी निघताना ताईने मान वळवायचा प्रयत्न केला. कोणीतरी म्हणाले, "मान हलवू नका." म्हणून त्या दिवशी जाताना तिने मला पाहिले नाही. मी मात्र गाडी बांधावरून दिसेनाशी होईपर्यंत तिला पाहिले.

मला न्यायला ट्रक येईपर्यंत मी त्या शेतातच होतो. म्हातारी संध्याकाळी यायची आणि माझ्या उघड्या नाकावर पोती पांघरून जायची. "दव पडतं बाबा," म्हणायची. माझ्या आयुष्यात पुष्कळ लोकांनी माझी वाखाणणी केली, पण ती पोती मी विसरलेलो नाही.

विमानतळावर परत आल्यावर मिस्त्रींनी माझे इंजिन उघडले. आतला भाग जळून एक झाला होता. ती चिरलेली नळी त्यांनी तळहातावर घेतली. आयुष्यभर ओरडणारा तो माणूस अगदी हळू म्हणाला, "माझ्या हाताखालून गेली ही." पुढे धाकट्याने ही गोष्ट दवाखान्यात सांगितली, तेव्हा ताईने त्यांना निरोप पाठवला, "मिस्त्री, नळी आतून फुटली, तुमचा हात बाहेर होता. डोक्यातून काढून टाका." त्यांनी ते डोक्यातून काढले की नाही, ठाऊक नाही. पण त्यांनी माझा मोडका पाय नवा बसवला, प्रवासासाठी उतरवलेले पंख पुन्हा जोडले. "बिनपंखाचं विमान मला बघवत नाही," ते म्हणाले. नव्या इंजिनाची वाट पाहत मी कुंपणापाशी उभा राहिलो.

ताई हळूहळू चालायला लागली. पण डॉक्टरांनी सांगितले, आता विमान नाही, बसही नाही. ती डेपोत चौकशीच्या खिडकीत बसू लागली. कोणती गाडी किती वाजता सुटते, ते लोकांना सांगू लागली. सुट्टीच्या दिवशी मात्र काठी टेकत माझ्याकडे यायची. डाव्या आसनावर बसायला तिला फार वेळ लागे. बसली की दांडा दोन बोटांत धरायची आणि समोर पाहत राहायची. कधी कधी दांडा हलकेच उजवीकडे झुकवायची. मला कळायचे, आपण पुलाजवळ आलो आहोत आणि नदी वळते आहे.

"इंजिन आलं की डॉक्टरांना पुन्हा विचारू," ती धाकट्याला सांगायची. धाकटा "हो" म्हणायचा. इंजिन येत नव्हते. आले असते तरी डॉक्टरांचे उत्तर तेच राहिले असते, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते.

जोराचा वारा सुटला, की माझे पंख आपोआप उचल खात आणि मला जमिनीशी बांधणारे दोर ताठ होत. पंखांना कोण सांगणार, की इंजिन गेले? त्यांना वाटे, निघायची वेळ झाली.

मग एक दिवस दातांचे डॉक्टर आले. ते माझ्याच कारखान्यातल्या, माझ्याच बांध्याच्या विमानातून दूरच्या बेटांवर जात आणि तिथल्या लोकांचे दात बघत. वादळात त्यांच्या हँगरचे दार निखळून विमानावर पडले होते. दोन्ही पंख गेले होते, बाकी सारे शाबूत होते. नव्या पंखांना फार दिवस लागणार होते.

"तुमच्याकडे मागायला जीभ रेटत नाही," ते ताईला म्हणाले. "पण तिकडे माणसं गालाला फडकी बांधून बसलीयत. एका बाईनं तर चिमट्यानं स्वतःचा दात उपटला, भलताच."

ताईने माझ्या पंखाकडे पाहिले. धाकटाच म्हणाला, "आमचं विमान उडायचंय अजून. इंजिन येतंय." डॉक्टरांनी मान डोलावली आणि ते फाटकाजवळ जाऊन थांबले.

"हे काय बोललास?" ताईने विचारले.

"मग काय बोलू? तुझं काय उरेल मग?"

"आणि माझ्यासाठी त्यानं इथं सडत उभं राहायचं?"

"तू बसतेस ना त्याच्यात. तेवढं तरी..."

"मी बसते, कारण मला आवडतं. त्याला काय आवडतं, ते वारा सुटल्यावर बघ जरा." ती काठी टेकत माझ्या डाव्या पंखाखाली आली. पंखाच्या कडेवरून तिने हात फिरवत नेला, पार टोकापर्यंत. तिचे डोळे भरले होते, पण आवाज डेपोतल्यासारखा खणखणीत होता. "डॉक्टर! मिस्त्रींना बोलावून घ्या. उतरवताना मी हजर राहणार."

मित्रांनो, त्या दिवशी मला कसे वाटले? खोटे कशाला सांगू, वाईट वाटले. मिस्त्री एकेक बोल्ट सोडवीत होते आणि मी प्रत्येक बोल्टाला धरून ठेवायचा प्रयत्न करीत होतो. पण पंख ट्रकवर चढले, तेव्हा माझ्या लक्षात आले, की वारा आला असता ते तिथेही उचल खात आहेत.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांचे विमान आमच्या धावपट्टीवर आले. डॉक्टर मुद्दाम ताईला दाखवायला आले होते. चहा पिऊन ते परत निघाले, तेव्हा ताई माझ्या नाकाला टेकून उभी राहिली. समोर ते विमान धावले आणि माझ्या पंखांनी त्याला जमिनीवरून उचलले. हवा त्यांच्याखाली शिरली तो क्षण मी ओळखला. बेटांच्या दिशेने ते लहान लहान होत गेले.

"दिसतंय का रे अजून?" ताईने विचारले.

धाकट्याने कॅमेऱ्याला लांबची काच लावली होती. "गेलं ढगात."

"नीट बघ."

तो बघत राहिला. "हो," थोड्या वेळाने तो म्हणाला, "दिसतंय." माझ्या जागेवरून आकाश रिकामे दिसत होते.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, एखाद्या दुकानाच्या मागे कधीकाळी राबलेले एखादे यंत्र पडून असेल. आज त्याच्यावरचे फडके काढा. चालण्यासारखे असेल, तर चालवा. त्याचे काटे काय सांगतात ते वेळेवर बघा, कारण त्याला ओरडता येत नाही. सगळे चालत नसेल, तर जो भाग धड आहे, तो कोणाच्या तरी कामी लावा. आणि देऊन झाल्यावर जे उरते, त्याच्यापाशीही अधूनमधून जाऊन बसा. त्यासाठी फार काही करावे लागत नाही. सवडीने यावे, धूळ पुसावी, दोन शब्द बोलावेत.

ताई येते अजून. पाठ दुखते म्हणून पूर्वीइतकी येत नाही. आज तिची सुट्टी आहे. मघाशी फाटक वाजल्यासारखे वाटले. वाऱ्याने असावे.